उभं राहण्याचा पगार

परवा संध्याकाळी तू आलीस आणि चपला दारात काढायच्या आधीच मोबाइल माझ्या नाकासमोर धरलास. "ताई, हे पाय ना वं. ही बाई मागं नुसती उभी हाये. अर्धा तास झाला, काहीच वाजवत नाही. हिले पगार भेटत असन काय?"

मी हसले, चहा टाकला, तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला आणि तू निघून गेलीस. पण रात्री मला झोप येईना. तू गमतीत विचारलंस खरं, पण तुला ज्या वाटेनं जायचंय तिची गोम नेमकी त्या प्रश्नातच आहे. म्हणून आज निवांत बस. आईला सांगून आलीस ना? मग ऐक.

तू पाहत होतीस ती द्वोर्झाकची नववी सिंफनी, 'न्यू वर्ल्ड'. 1893 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. 40-45 मिनिटांची रचना, स्टेजवर पाऊणशे-शंभर माणसं. त्यात सिंबलला, म्हणजे त्या मोठ्या झांजेला, काम किती? एक ठोका. शेवटच्या भागात, एकदाच, आणि तोही धाडकन नाही, मध्यम हातानं. तिसऱ्या भागात ट्रँगल किणकिणतो, तो बहुतेक ठिकाणी हाच वादक वाजवतो. उरलेला सगळा वेळ मोजत राहायचं.

एकाच ठोक्याचं काय एवढं, असं वाटेल तुला. पण झांजेच्या दोन तबकड्या सपाट समोरासमोर आपटून बघ. मधे हवा कोंडते आणि आवाज फुस्स होऊन जातो. त्या जराशा तिरक्या धरून, कडेनं आधी भिडवून मग मिटवाव्या लागतात. हे काम करायचं अर्धा तास गार पडलेल्या हातांनी, बाकी सगळे तापलेले असताना, आणि पहिल्याच झटक्यात. भजनात टाळ चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरून घेता येतो. तिच्या वाट्याला पुढचं आवर्तनच नाही. तर बाई, मिळतो तिला पगार. उभं राहण्याचाच मिळतो म्हण ना.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. तुझ्याएवढीच होते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की काय, ते तुला ठाऊकच आहे: दोन गायक, एक गायिका, शायरी झोडणारा निवेदक, कीबोर्ड, ढोलक, तबला, ऑक्टोपॅड, आणि कोपऱ्यात एका टेबलावर घुंगरू, मंजिरी, खुळखुळा, ट्रँगल मांडून बसलेला साइड रिदमवाला. त्या टेबलामागे मला उभं केलं होतं. तालुक्याचं गाव, शारदादेवीचं मंडळ, मैदान गच्च भरलेलं. एका गाण्यात सगळे एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत माझ्या ट्रँगलचा एकच 'किण'. मी एक मात्रा आधी वाजवला. एवढ्या मोठ्या मैदानात तेवढा एकच आवाज, आणि तोही माझा चुकलेला. गायकानं मान वळवून पाहिलं ते डोळे मला अजून दिसतात.

कार्यक्रम संपल्यावर आमचे म्हातारे ढोलकवाले पिशवीची दोरी आवळत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, वाजवता तं तुले येते. थांबता येत नाही." पुढचे तीन महिने त्यांनी मला कशालाच हात लावू दिला नाही. मी स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसायची, प्रत्येक गाण्याची आवर्तनं बोटांवर मोजायची आणि परतीच्या गाडीत त्यांना सांगायची. अंतऱ्यानंतर किती, कट कुठे, पिकअप कुठे. चुकले की ते खिडकीबाहेर बघत बसायचे. बरोबर आलं की बिडी शिलगावायचे. आज जी काही थोडीफार वाजवते ना, ती त्या खुर्चीची कमाई.

आता तुझं मूळचं स्वप्न. तुला त्या व्हिडिओतल्यासारख्या सिंफनी ऑर्केस्ट्रात जायचंय. खोटं बोलून तुला गोड वाटेल असं काही मी सांगणार नाही. आपल्या राज्यात तसा धंदेवाईक वाद्यवृंद म्हणजे मुंबईचा 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'. नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, तिथे 2006 साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीएव यांनी तो उभा केला. वर्षात त्यांचे मुख्य हंगाम दोन. त्यात वाजवणारे पुष्कळ जण त्या त्या हंगामापुरते परदेशातून येतात. कायम असणाऱ्या भारतीयांची फळी लहान आहे. आणि तालवाद्यांच्या जागा तर कुठल्याही वाद्यवृंदात मोजक्याच असतात. व्हायोलिनवाले तिशीच्या घरात, आणि मागे टिंपनीला, म्हणजे त्या मोठ्या नगाऱ्यांना, एक, बाकीच्या वाद्यांना तीन-चार. एक जण निवृत्त होईस्तोवर दुसऱ्यानं वाट बघायची. इथेही थांबणंच आलं बघ.

परदेशात तरी सगळं सुखाचं असेल असं समजू नकोस. तिकडच्याही लहान शहरांतल्या वाद्यवृंदांचे वादक नुसत्या तेवढ्यावर जगत नाहीत. शाळेत शिकवतात, नाटकांना साथ करतात, लग्नात वाजवतात, आणि पुढच्या शहरात कुणी आजारी पडला की काठ्यांची पिशवी घेऊन गाडी हाकत जातात. अगदी आपल्या ढोलकवाल्यांसारखं. आज दिग्रस, उद्या वणी, परवा पांढरकवडा.

पण तुझ्या मनात ठेवण्यासारख्या दोन गोष्टीही सांगते. तिकडे बऱ्याच वाद्यवृंदांत निवडीच्या वेळी वादकाला पडद्यामागे वाजवायला लावतात. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून खाली गालिचाही घालतात. हे सोपं घडलं नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं बाईला सभासद करून घ्यायला 1997 उजाडलं. आणि दुसरी गोष्ट एव्हलिन ग्लेनीची. स्कॉटलंडची ही बाई 12 वर्षांची होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. तरी ती जगातल्या मोठ्या वाद्यवृंदांसोबत एकल तालवाद्य वाजवते. पायात काही घालत नाही, जमिनीतून येणारी थरथर तळव्यांनी ओळखते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ढोलवाल्यांच्या ताफ्यापुढे तीच होती. तुझ्या आत्याला सांग, "पोरीच्या जातीला हे जमत नाही" असं त्या पुन्हा म्हणाल्या तर.

आणि तबला लहान आणि टिंपनी मोठी, असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नकोस. झाकीरभाईंनी तबला आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी 'पेशकार' नावाचा कन्चेर्तो लिहिला, तो याच मुंबईच्या वाद्यवृंदासाठी, 2015 साली. पुढे तो घेऊन ते युरोपात गेले. विचार कर, मागे शंभर माणसं कागदावरची नोटेशन वाचतायत आणि पुढे तबला. म्हणजे तुला दोन्ही लिप्या यायला हव्यात. तिरकिट तोंडपाठ हवं आणि स्टाफ नोटेशनही वाचता यायला हवं. आपल्याकडच्या मुलामुलींचं घोडं अडतं ते इथेच. हात तयार असतो, कागद वाचता येत नाही.

तुला माहितीये, टिंपनीवाला वाजवायच्या आधी काय करतो? वाद्यवृंद जोरात चालू असतानाच चामड्यावर कान टेकल्यासारखा वाकतो, बोटानं हळूच टिचकी मारतो, मनात सूर धरतो आणि पायाच्या पेडलनं ताण जुळवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझी आजीच आठवली. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायच्या आधी ती खंजेरी चुलीपाशी धरायची. चामडं तापलं की ताणतं, आवाज चढतो. दमट हवेत ढिलं पडतं. ती खंजेरी कानाशी नेऊन नखानं वाजवायची, मान हलवायची, परत जाळाशी धरायची. संगीताचा एक शब्दही शिकली नव्हती. तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर भजनं म्हणत अख्खा विदर्भ जागवला, मोझरीला गुरुकुंज उभारलं, आणि आपल्या गावोगावच्या बायकांच्या हातात एक वाद्य आलं. बाईनं तालवाद्य वाजवायचं नसतं असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते देवाच्या नावानं चालतं.

तुझे बाबा 'वाजंत्री' म्हणाले ना परवा? "शिकून सवरून पोरगी वाजंत्री होईन का?" मला लागलं ते. पण त्या शब्दात नुसता राग नाही, जुनं काहीतरी आहे. आपल्या भागात डफडं वाजवणाऱ्याला लग्नात बोलावणं असायचं, पंगतीत पान नसायचं. चामड्याला हात लावणारा तो खालचा, असं शतकानुशतकं ठरलेलं. तोच ताल देवळात, दिंडीत, वरातीत हवा, माणूस मात्र दारात. दिवाळीला कोलाम आदिवासींच्या पोडावर, त्यांच्या वस्तीवर, जाऊन बघ, दंडार नाच चालू असतो तेव्हा ढोल रात्रभर थांबत नाही. तिथे वाजवणाऱ्याला कुणी कमी समजत नाही. तू बाबांशी भांडू नकोस. एवढंच विचार, की आपण कुणाच्या हातचं वाद्य शिकतोय, आणि त्यांना कमी लेखून ते आपल्या हाती येईल का. ते लगेच काही बोलणार नाहीत. बोलू नयेत. ऐकलं तरी पुष्कळ.

आता पोटाचं. कान इकडे कर.

आपल्याकडे या कामाला हंगाम असतो. गणपती, मग शारदा-दुर्गा, कोजागिरी, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे आमची दिवाळी, नऊ दिवसांत तीन-तीन ठिकाणी हाका येतात. मृगाचा पाऊस पडला, लोक पेरणीला लागले, की सगळं ठप्प. आणि आपला जिल्हा कापसाचा. भाव बरा मिळाला तर मंडळं मोकळ्या हातानं सुपारी देतात, पडला की "औंदा डीजेच लावू" म्हणतात. वर आता गाणारे मायनस ट्रॅक घेऊन येतात. एका पेनड्राइव्हमध्ये पाच वादक. मुंबईतही हेच झालं. एके काळी सिनेमाच्या गाण्याला हॉल भरून वादक बसायचे, मग सिंथेसायझर आला, प्रोग्रॅमिंग आलं आणि खुर्च्या कमी होत गेल्या.

त्यातून तरले कोण? एकाहून जास्त वाद्यं हातात असलेले. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी आणि बुजी, एकाच पारशी घरातले तिघे रिदमवाले. केरसी तर ग्लॉकेनस्पीलपासून अकॉर्डियनपर्यंत सगळं वाजवायचे, आणि सिंथेसायझर आला तेव्हा रडत न बसता तोही शिकून घेतला. मारुतीराव कीर आर. डी. बर्मन यांच्याकडे तालवाद्यंही वाजवायचे आणि सहायक म्हणूनही काम बघायचे. समोर येईल त्यातून ठेका काढता यायला हवा, मग तो तबला असो, खोका असो की काचेचा ग्लास.

म्हणून माझं ऐकशील तर असं कर. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षा अर्ध्यावर सोडू नकोस, विशारद पूर्ण कर. कॉलेजला गेलीस की अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तालवाद्याच्या एकल वादनाला नाव दे. आकाशवाणीची ऑडिशन दे. बी ग्रेड मिळाली तरी तो कागद पुढे पंचवीस ठिकाणी उपयोगी पडतो, नंतर बी हाय, ए असं चढता येतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, 18 ते 25 वयाला, दोन वर्षं, दरमहा 5,000 रुपये. जाहिरात कधी येते त्यावर डोळा ठेव. आठवड्यातून एकदा नागपूरला जाऊन ड्रम आणि नोटेशन शीक, ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा दे. आणि आत्तापासून चार लहान पोरं शिकवायला घे. शिकवण्याचे पैसे बारमाही येतात, त्यांना मृग आडवा येत नाही. शिवाय धा कसा निघतो हे दुसऱ्याला सांगताना आपल्याला स्वतःला कळतं.

सुपारी ठरवताना लाजू नकोस. मी पहिली पाच वर्षं "तुम्ही द्याल ते" म्हणत राहिले, आणि द्यायचे ते खरंच तेवढंच द्यायचे. किती तास, किती गाणी, गाडी कुणाची, जेवण कुठे, परत किती वाजता, हे सगळं आधी विचार. ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून घे, निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय तारीख अडकवू नकोस. एकदा एका मंडळानं कार्यक्रम झाल्यावर आम्हाला नारळ आणि शाल देऊन वाटेला लावलं होतं. शाल अजून आहे, मांजर झोपतं तिच्यावर.

बाईमाणसाच्या गोष्टी बाईनंच सांगायच्या, म्हणून सांगते. स्टेजमागे बाथरूम नसतं. निघायच्या आधी विचारून ठेव, जवळपास कुणाचं घर आहे का बघ. रात्री 10 ला भोंगे बंद करायचा नियम आहे, सणाचे ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट मिळते. म्हणजे कार्यक्रम संपायची वेळ ठाऊक असते, तर परतीची गाडीही आधीच ठरलेली हवी. मुक्काम टाळ. निदान सुरुवातीला गायिकेच्या गाडीत बसून जा. पाळी असेल त्या दिवशीही वाजवावं लागेल. देवीच्या स्टेजवर चालेल का, असं कुणी विचारलं तर तू काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. मी काय दिलं ते तुला माझं लग्न कसं जमलं ते सांगेन त्या दिवशी सांगेन.

कानांना जप. 85 डेसिबलमध्ये माणसानं दिवसात 8 तास राहावं, फार तर. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 ला गेलं की 15 मिनिटं. आपल्या स्पीकरच्या भिंतीपुढे किती होत असेल तूच बघ. साधे इअरप्लग घाल, कुणी हसलं तरी घाल. माझा डावा कान आता उंच सूर नीट पकडत नाही, म्हणून तुला बोलताना मी उजवीकडे बसवते. तुला वाटलं असेल पंख्याखाली म्हणून.

आणि लग्नाचं. विचारतील. मला बघायला आलेल्यांपैकी एकानं विचारलं होतं, "लग्नानंतरही वाजवाल का?" मी म्हटलं, "तुम्ही लग्नानंतरही दुकानात जाल का?" ते स्थळ गेलं. जे जमलं ते बरं निघालं, माझे तबले उचलून गाडीत ठेवतात. हे आधी विचारायचं असतं, नंतर सुचून उपयोग नाही.

एवढं ऐकून तुला घाबरल्यासारखं झालं असेल, तर ते बरंच आहे. पण शेवटी तुला हे करायचंय की नाही, याचा उलगडा माझ्या सांगण्यानं होणार नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. राव्हेल नावाच्या फ्रेंच संगीतकाराचं 1928 चं 'बोलेरो' आहे. त्यात स्नेअर ड्रमवाला एकच दोन मापांचा ठेका वाजवतो, 169 वेळा, पंधराएक मिनिटं. सुरुवात इतकी हलकी की पहिल्या रांगेतल्याला कष्टानं ऐकू यावं, शेवट इतका मोठा की छत हलावं. लय तसूभर ढळायची नाही, आवाज मधेच उडी मारायचा नाही. सगळ्या सुंदर चाली बासरीला, क्लॅरिनेटला, ट्रंपेटला, आणि याच्या वाट्याला तोच तो ठेका.

उद्या संध्याकाळी ये. तबला घरीच ठेव. आजीची खंजेरी मी ट्रंकेतून काढून ठेवलीय, तिच्यावर वाजव. भजनी ठेका घे, मी घड्याळ लावते. 15 मिनिटं, कानात कुजबुजल्यासारखं सुरू करायचं आणि हळूहळू पूर्ण हातावर न्यायचं. मधे बोट दुखेल, मन भटकेल, आवर्तनं मोजायची विसरशील. सातव्या-आठव्या मिनिटाला तुला घड्याळाकडे बघावंसं वाटेल. बघितलंस तरी मी काही म्हणणार नाही. बी.ए. कर, शिक्षिका हो, हौसेनं भजनात वाजव, त्यातही सुख आहे, मी खोटं सांगत नाही.

पण घड्याळाकडे न बघता तू पंधरावं मिनिट पार केलंस, आणि मी "थांब" म्हटल्यावर बरोबर समेवर थांबलीस, तर चहा पिऊन आपण दोघी तुझ्या घरी जाऊ. तू बाहेर ओट्यावर बस. तुझ्या आईशी मी बोलते.